काकांचं गाडीघर

काकांना घरात 'तीन' म्हणायची चोरी होती. ही बंदी त्यांच्यावर कुणी घातलेली नव्हती, त्यांची त्यांनीच घालून घेतली होती. सकाळी ओसरीतून हाक यायची, "चहा, एक बार... चहा, दो बार..." आणि मग नुसती शांतता. काकू आतून म्हणायच्या, "ठेवला बाप्पा, ठेवला." नळाला पाणी तीनला यायचं, तर काका मला जिन्यातून ओरडून सांगायचे की अडीचच्या पुढचं पाणी सुटलं. पहिले काही दिवस मला वाटलं, म्हातारा चक्रम आहे. नंतर खात्री पटली, आणि मग त्याचं काही वाटेनासं झालं.

मी त्यांची भाडेकरू. यवतमाळात पाटबंधारे खात्यात माझी बदली झाली तेव्हा लोहाऱ्याच्या बाजूला त्यांच्या घराच्या वरच्या दोन खोल्या मी पाहायला गेले होते. घरमालक खोली दाखवतात ते मला चांगलं माहीत होतं. उजेड येतो, पाणी मुबलक आहे, शेजार सभ्य आहे, असं सगळं ऐकून घ्यायच्या तयारीने मी गेले. काकांनी दार उघडलं आणि सुरुवातच केली की पश्चिमेची भिंत पावसाळ्यात पाझरते, समोर भजनी मंडळ आहे आणि त्यातल्या एकालाही सूर नाही, आणि मी घोरतो तो आवाज वरपर्यंत येतो. एवढं सांगून म्हणाले, "हे झालं खालचं. आता वरचं सांगतो. उजेड भल्ला येते." मी तिथल्या तिथे होकार दिला.

ही त्यांची खोड बाजारातली. आयुष्यभर ते बाजार समितीत हर्रास बोलत आले. आमच्याकडे लिलावाला हर्रास म्हणतात. कापसाची बैलबंडी उभी राहिली की व्यापारी भोवती जमायचे आणि काका बंडीवर चढून बोली पुकारायचे. पुकारायच्या आधी ते कोपरापर्यंत हात खुपसून तळचा कापूस काढत आणि सगळ्यांना दाखवत. वरचा कापूस कुणीही पांढराशुभ्र ठेवतो, खरा माल तळाशी असतो, असं त्यांचं म्हणणं. निवृत्त झाल्यावर कापूस सुटला, पण हात सुटला नाही. भाजीबाजारात ते वांग्यांच्या ढिगात तळाशी हात घालत आणि अख्खा ढीग घरंगळत रस्त्यावर येई. भाजीवाल्या बाया त्यांना लांबून पाहिलं की टोपल्यांवर पोतं टाकत.

आणि 'तीन'चं कारणही तेच. एक बार, दो बार झालं की काका थांबायचे आणि ज्याचा माल असेल त्याच्या तोंडाकडे पाहायचे. त्याची मान हलली तरच तीन. नाही हलली तर पुन्हा पहिल्यापासून. व्यापारी वैतागत, समितीतले वरचे लोक तक्रारी करत, उन्हातान्हात अर्धा अर्धा तास खोळंबा होई, पण काकांनी शेवटपर्यंत ती पद्धत सोडली नाही. मी एकदा विचारलं की मग घरात तीन म्हणायला काय हरकत आहे? ते म्हणाले, "तीन म्हटलं का माल दुसऱ्याचा झाला, मॅडमबाई. आपल्या घरातलं कायले कोणाले देऊन टाकू?"

मॅडमबाई म्हणजे मी. आधी नुसतं मॅडम होतं. मी एकदा म्हटलं, मॅडम नका म्हणू, परकं वाटतं. तर दुसऱ्या दिवसापासून त्यांनी बाई जोडून दिलं.

आता गाडीघराकडे येते. घराच्या उजव्या अंगाला एक पक्की खोली होती. लोखंडी दुपाखी दार, समोर सिमेंटचा उतार, आत गुळगुळीत फरशी. काका रोज सकाळी ते दार उघडून आत झाडू मारत, आठवड्यातून एकदा फरशी धूत, आणि पुन्हा कुलूप लावत. आत काहीच नव्हतं. सायकल नाही, मोडकी खुर्ची नाही, तुरीचं पोतं नाही. मी राहायला आले तेव्हा ऐन पाऊस होता आणि माझी स्कूटी उघड्यावर भिजत होती. मी अगदी नम्रपणे विचारलं की गाडीघर रिकामंच आहे तर तिथे ठेवू का. काका म्हणाले, "रिकामं कुठी आहे? तिथं गाडी आहे."

मी म्हटलं, मला तर दिसत नाही.

"येऊन राह्यली," काका म्हणाले, आणि माझ्या स्कूटीसाठी त्यांनी स्वतःची ताडपत्री आणून दिली. ती ताडपत्री मी पुढे कित्येक वर्षं वापरली. दर पावसाळ्यात तिच्याशी झटापट करताना मी त्या गाडीघराला मनातल्या मनात शिव्या घातल्या आहेत.

येऊन राहिलेली गाडी कोणती, ते काकूंनी सांगितलं. काकांचे वडील पांढरकवड्याकडच्या एका शेठजींच्या जिनात, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, दिवाणजी होते. काकूंचं माहेर केळापूर, त्या जिनापासून हाकेच्या अंतरावर. दिवाणजींच्या मुलाचं लग्न म्हणून शेठजींनी आपली विलायती गाडी वरातीला दिली. लांबलचक, पिस्त्याच्या रंगाची. कंपनीचं नाव काका-काकूंनी कधी घेतलं नाही, दोघं तिला शेठजीची गाडी म्हणत. नवरा-नवरी त्या गाडीतून केळापूरहून यवतमाळला आले. गल्लीत गाडी शिरली तेव्हा पोरं मागे धावली, बाया दारात आल्या. आणि गाडीतून उतरताना नव्या नवरीला काकांनी शब्द दिला की एक दिवस हीच गाडी आपल्या दारात उभी करीन. घर बांधलं तेव्हा आधी गाडीघर बांधलं, मग स्वयंपाकघर.

हे सांगून काकूंनी इकडे-तिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "खरं सांगू का, पोरी? मले त्या गाडीत सारी वाट मळमळून राह्यलं होतं. पेट्रोलचा वास, अन् उपाशी पोट. सारा रस्ता मी खिडकीतून मुंडकं बाहेर काढून होती. गाडी आतून कशी होती ते मले धड आठवतबी नाही. पण त्यायले सांगू नोको. त्यायनं भल्ल्या हौशीनं आणलती."

मी शब्द दिला आणि पाळलाही. त्या घरात राहायचं म्हणजे असे शब्द सांभाळणं आलंच.

लिलावाची बातमी फारुखभाईंनी आणली. लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत त्यांचं रेडिएटर दुरुस्तीचं दुकान होतं आणि रोज संध्याकाळी ते काकांच्या ओसरीवर चहाला यायचे. दोघांची मैत्री जुनी आणि भांडणं त्याहून जुनी. त्या दिवशी फारुखभाईंनी चहाचा कप खाली ठेवला आणि सांगितलं की शेठजींच्या घरचे जिन गुंडाळताहेत. शेडमध्ये पडलेल्या जुन्या मोटारींचा हर्रास आहे. नागपूरची कुठली कंपनी बोली पुकारणार आहे, हैदराबादकडून शौकीन लोक येणार आहेत. पिस्त्याच्या रंगाची गाडीही आहे, पण बंद आहे.

काका चहा संपवून उठले, गाडीघराचं कुलूप काढलं आणि अवेळी झाडू मारायला लागले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाजारातून मनगटाएवढा जाड नवाकोरा नाडा, म्हणजे दोरखंड, आणला. गाडी बंद, म्हणजे ओढून आणावी लागणार. नाव नोंदवणं, अनामत भरणं ही सगळी मोबाइलची कामं माझ्याकडे आली. गाडीसाठी म्हणून काकांनी वर्षानुवर्षं बाजूला ठेवलेली रक्कम होती. मूळ बोली पाहिल्यावर माझ्या जिवात जीव आला, कारण काकांची रक्कम तिच्या थोडी वर होती. फार नाही, थोडी. बंद गाडीला कोण वर नेणार, असं फारुखभाईंचं मत पडलं.

ओढून आणायला गाडी हवी, ती सुनीता राठोडची. सुनीता माझी कचेरीतली मैत्रीण. दारव्ह्याकडच्या तांड्यावरची. तिच्याकडे एक जुनी व्हॅन होती आणि ती व्हॅन ती ट्रॅक्टरसारखी चालवायची. काकांवर तिचा फार जीव. सकाळी निघताना तिने आईला फोन लावून गोरबोलीत बराच वेळ काहीतरी सांगितलं. त्यात 'याडी, याडी', म्हणजे आई, एवढंच मला कळलं. फोन ठेवून म्हणाली की आईने नवस बोललाय, आता गाडी आल्याशिवाय गत्यंतर नाही.

काकूंना गुडघ्यांनी येववत नव्हतं. त्यांनी तिखट-मिठाच्या पुऱ्या आणि लोणचं बांधून दिलं आणि दारातून एवढंच म्हणाल्या की गाडी आणा, मी नेसून तयार राहते.

काका पुढच्या सीटवर, मांडीवर तो नाडा. मागे मी आणि फारुखभाई. जोडमोहा येईस्तोवर फारुखभाईंनी काकांची शिकवणी घेतली. घेणाऱ्याने मालाकडे पाहायचं नाही. पाहिलं तर तोंड वाकडं करायचं. बोलायचं तर अजिबात नाही. "जिंदगीभर तू बेचनेवाले की तरफ से बोला. आज लेनेवाला है. आज गप," असं त्यांनी बजावलं. काकांनी मान डोलावली. मग त्यांनी तोंड वाकडं करून दाखवलं तर ते दाढ दुखत असल्यासारखं दिसलं, आणि सुनीताला हसून हसून व्हॅन बाजूला घ्यावी लागली. केळापूरला देवीला नारळ फोडला. त्यातला अर्धा काकांनी रुमालात बांधून ठेवला. काकूंच्या माहेरची देवी, प्रसाद तिला पोचलाच पाहिजे.

जिनाच्या आवारात कडुनिंबाखाली मंडप घातला होता. एका रांगेत जुन्या गाड्या उभ्या, कुणी त्यांच्याजवळ उभं राहून फोटो काढतंय, कुणी वाकून खाली बघतंय. एका बाजूला जेवणाची टेबलं मांडलेली. कोट घातलेला एक तरुण माइकवरून इंग्रजी-हिंदीत गाड्यांची वर्णनं करत होता. काकांना त्याचं बोलणं पसंत पडलं नाही. माल विकतो की बातम्या देतो, असं ते पुटपुटले आणि फारुखभाईंनी त्यांना कोपर मारलं.

शेठजीची गाडी रांगेत सगळ्यात शेवटी होती. पिस्त्याचा रंग उडून राखाडी झाला होता, चारही चाकं बसलेली. काका तिच्याजवळ गेले तेव्हा तोंड वाकडं करायचं साफ विसरले. त्यांनी मागचं दार उघडलं आणि डावीकडच्या खिडकीच्या हँडलवर हात ठेवला.

"ही काच मी खाली केलती," ते मला म्हणाले. "तिले मळमळून राह्यलं होतं ना."

मी गडबडले. म्हटलं, तुम्हाला माहीत आहे?

"तिले वाटते मले मालूम नाही. बाजूले तर बसलो होतो, मॅडमबाई. सारी वाट बिचारी बाहेरच पाहत आली. गाडीत बसल्याचं सुख काही भेटलं नाही तिले." त्यांनी दार हळूच लावलं. "एकदा धड बसू दे तिले. मंग विकून टाकली तरी चालते."

इतकी वर्षं मी समजत होते की हा म्हाताऱ्याचा डामडौल आहे. शेठजीची गाडी आपल्या दारात, गल्लीने पाहावं, असं काहीतरी. मला त्या क्षणी ती गाडी त्यांच्याइतकीच हवीशी वाटली. ताडपत्रीचा रागही गेला.

एकेक गाडी विकली जात होती. काका बोलीसाठी मिळालेली नंबराची पाटी छातीशी धरून, ओठ मिटून बसले होते. मध्ये कोटवाल्याने सांगितलं की बाकीच्या गाड्या शेठजींच्या नातवांच्या आहेत, शेवटची तेवढी मुलीच्या वाट्याची. ती मुलगी म्हणजे सत्तरीच्या एक बाई, मंडपाच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्चीवर एकट्याच बसल्या होत्या. भाचे पलीकडे पाहुण्यांच्या सरबराईत. बाईंच्या गाडीकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

आणि त्या गाडीची पाळी आली तेव्हाच वीज गेली. माइक बंद पडला, पंखे थांबले, लोक उठून जेवणाच्या टेबलांकडे सरकले. कोटवाल्यालाही जेवायचं होतं. त्याने घाईघाईने मूळ बोली सांगितली. काकांनी पाटी वर केली. दुसरी पाटी नाही. त्याने पुन्हा विचारलं, पुन्हा कुणी नाही. फारुखभाईंनी डोळे मिटून काहीतरी म्हणायला सुरुवात केली. सुनीताने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

"एक बार," कोटवाला म्हणाला. "दो बार."

आणि काकांची मान वळली. सवयच ती. दो बार ऐकलं की त्यांची मान मालकाकडे वळायची, तशी ती वळली. बाई गाडीकडे पाहत होत्या. चष्मा हातात, पदराचं टोक मुठीत. त्यांची मान हलली नाही.

"थांबा," काका म्हणाले.

कोटवाल्याला वाटलं, म्हाताऱ्याला कळत नाहीये. त्याने समजावून सांगितलं की बोली तुमचीच आहे, समोर दुसरं कुणी नाही, गाडी तुम्हालाच मिळतेय.

"ते मालूम आहे," काका म्हणाले. "मालकीण राजी नाही."

मी त्यांचा सदरा धरला. त्यांनी पाटी माझ्या हातात दिली आणि समोरच्या जुन्या वजनकाट्याच्या ओट्यावर चढले. कोटवाला आडवा आला, तेव्हा बाई पहिल्यांदा बोलल्या. बोलू द्या त्यांना, एवढंच.

काकांना मी हर्रास बोलताना कधी ऐकलं नव्हतं. चहाची हाक ऐकली होती, पण ती घरगुती. ओट्यावरून जो आवाज निघाला त्याला माइकची गरज नव्हती. जेवणाच्या टेबलांपाशी लोकांचे हात थांबले. काकांनी आधी तळचं काढलं. पत्रा खालून सडला आहे, इंजिन मरून पडलं आहे, चाकं टाकून द्यायची, हे आधी ऐका आणि मग जवळ या. मग वरचं सांगितलं. सीटचं कातडं अस्सल आहे, कुठे उसवलेलं नाही. दारं अजून एका बोटाने लागतात. ही गाडी शेठजींनी कधी भाड्याने दिली नाही, पण गोरगरिबाच्या लग्नाला दिली. हिच्यात बसून नवऱ्या सासरी गेल्या. असा माल पुन्हा बाजारात येत नाही. लोक ताटं हातात घेऊन आले. एक हैदराबादचा टोपीवाला वाकून गाडीच्या खाली बघायला लागला आणि उठून त्याने पाटी वर केली.

थोड्या वेळाने मी पाटी खाली ठेवली. काकांचा आकडा केव्हाच मागे पडला होता. सुनीता ओट्याजवळ जाऊन दबक्या आवाजात म्हणत होती की काका, पुरे, उतरा आता. फारुखभाई तोंड फिरवून जिनाच्या भिंतीकडे पाहत उभे होते. टोपीवाला आणि नागपूरचा एक हॉटेलवाला यांची जुंपली होती आणि काका एकाकडून दुसऱ्याकडे बोली नेत होते, घाम पुसत होते, मध्येच उतरून गाडीचं दार एका बोटाने लावून दाखवत होते आणि पुन्हा ओट्यावर चढत होते. मला त्यांचा इतका राग आला, आणि इतकं प्रेम आलं, की कुठे बघावं कळेना.

शेवटी हॉटेलवाला थांबला. "एक बार," काका म्हणाले. "दो बार." आणि बाईंकडे पाहिलं. बाईंनी चष्मा लावला, काकांकडे नीट पाहिलं आणि मान हलवली.

पण तीन काकांनी म्हटलं नाही. ते ओट्यावरून उतरले आणि कोटवाल्याला म्हणाले, "आता तुमचं काम तुम्ही करा." कोटवाल्याने टेबलावर हातोडा मारला.

बाई आपण होऊन आमच्याकडे आल्या. काकांनी सांगितलं, अमक्या दिवाणजीचा मुलगा. ओळख पटली तशा त्या खुर्चीवर टेकल्या. मग माझ्या मांडीवरच्या पाटीकडे त्यांचं लक्ष गेलं आणि त्यांनी विचारलं, पहिली बोली तुमचीच होती ना? मग घेतली का नाही?

"तुमची मान हलली नाही, बाई," काका म्हणाले.

त्यांनी काकांचा हात दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

निघताना पाहिलं तर टोपीवाल्याची माणसं गाडी ट्रेलरवर चढवायच्या खटपटीत होती आणि त्यांच्याकडचा दोर तुटला होता. काका व्हॅनमधून आपला नाडा घेऊन आले. स्वतः वाकून गाठ मारली, ओढून पाहिली, आणि नवा आहे, तुटणार नाही, असं सांगून परत आले.

परतीच्या वाटेवर सुनीताने सगळा राग गिअरवर काढला. जोडमोह्यापाशी काकांनी पुऱ्या काढल्या आणि सगळ्यांना वाटल्या. फारुखभाईंनी आधी घेतली नाही. मग घेतली आणि म्हणाले, "काकूले काय सांगशील?" उर्दू-हिंदी सोडून ते वऱ्हाडीत बोलले की समजायचं, त्यांना मनापासून वाईट वाटलं आहे. काका म्हणाले, जे झालं ते. पण पुरी त्यांच्या हातात तशीच होती. मला माहीत होतं, त्यांना आता कशाची भीती होती. गाडी गेल्याची नाही. दारात नेसून बसलेल्या बाईची.

आम्ही पोचलो तेव्हा दिवेलागणीची वेळ होती. गाडीघराची दोन्ही दारं सताड उघडी. उतार धुतलेला, त्यावर रांगोळी, कडीला झेंडूची माळ. आणि ओसरीत काकू, ठेवणीतली जांभळी साडी नेसून, नाकात नथ. काकू रस्त्याकडे पाहत होत्या. व्हॅनच्या मागे काही नाही हे त्यांना दिसलं. आम्ही तिघं उतरलोच नाही. काका उतरले, रांगोळी चुकवून काकूंजवळ गेले आणि प्रसादाचा रुमाल त्यांच्या हातात दिला.

"कशी गेली?" काकूंनी विचारलं.

"चांगली गेली. शेठजीच्या पोरीच्या वाट्याची होती. पडत्या भावात जाऊन राह्यली होती. मले राहवलं नाही."

"पोरगी राजी झाली?"

"झाली."

काकूंनी रुमाल कपाळाला लावला. इतकी वर्षं झाडलेली ती फरशी मागे नुसती चकाकत होती.

"तीन म्हटलं का तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"नाही. तिथल्या कोटवाल्या पोऱ्यानं हातोडा मारला."

"मंग म्हणून टाका," काकू म्हणाल्या. "किती दिवस अटकवून ठेवसान? माल तर मायाच होता ना? मले देल्ला होता शब्द."

काका उभे राहिले. एक बार म्हणाले. दो बार म्हणाले. मग थांबून त्यांनी काकूंच्या तोंडाकडे पाहिलं, बंडीवरून मालकाकडे पाहत असतील तसं, सरळ आणि बराच वेळ. काकूंनी मान हलवली.

"तीन बार," काका म्हणाले. आवाज एवढा बारीक होता की सुनीताला तो ऐकूच गेला नाही, मी तिला नंतर सांगितलं.

काकूंनी डोळे पुसले आणि लगेच हुकूम सोडला की आता मी नेसून बसलीच आहे, रांगोळीबी काढली आहे, तर सुनीताच्या गाडीत मले एक चक्कर मारून आणा, अन् मंग ही गाडी आत लावा. काही तरी उभं राहू द्या तिथं. तेव्हापासून सुनीता आली की तिची व्हॅन गाडीघरात लागते, आणि एरवी माझी स्कूटी. काका गेल्यालाही आता दोन पावसाळे झाले. ताडपत्री मी घडी करून माळ्यावर ठेवली आहे, टाकवत नाही.

पण त्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. काकूंना आम्ही पुढच्या सीटवर बसवलं. काका मागे आमच्यात येऊन बसतील असं वाटलं होतं, पण ते आधी काकूंच्या बाजूला गेले, दारातून हात आत घातला आणि हँडल फिरवून काच पूर्ण खाली केली. काकू त्यांच्या हाताकडे पाहत राहिल्या. लोहाऱ्याच्या चौकापर्यंत जाऊन आम्ही परत आलो. सुनीताने इतकी हळू व्हॅन त्याआधी कधी चालवली नव्हती, नंतरही नाही. गल्लीत वळताना काकू मागे न बघता म्हणाल्या, "आज नाही मळमळलं."

"बरं झालं," काका म्हणाले.